आकाशातली वाट झेंडा पाहून अडवू नये

पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत एक दोरा ताणून धरला, तर तो ज्या प्रदेशांवरून जातो तोच या दोन शहरांमधला सर्वांत जवळचा हवाई मार्ग. लांबी साधारण ७,२०० किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशात हा मार्ग इराणच्या आखातावरून आणि तुर्कस्तानावरून जाईल असं वाटतं. गोलावर मात्र दोरा बराच उत्तरेला सरकतो. तो सौराष्ट्र ओलांडतो, कराचीच्या अगदी जवळून पाकिस्तानात शिरतो, बलुचिस्तानावरून अफगाणिस्तान-इराण सीमेपाशी येतो, इराणचं वाळवंट पार करून अझरबैजान आणि कॉकेशस पर्वत गाठतो, तिथून क्रिमिया आणि युक्रेनवरून मध्य युरोपात पोहोचतो आणि जर्मनी मागे टाकून लंडनला टेकतो. ही नावं पुन्हा एकदा वाचावीत. यातली पहिलीच परकी हद्द, पाकिस्तानची, भारतीय विमानांना एप्रिल २०२५ मध्ये बंद झाली. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्याच नागरी विमानांना बंद झालं. जून २०२५ मध्ये इस्रायलशी युद्ध पेटलं तेव्हा इराणनेही आपली हवाई हद्द बंद केली. भूमितीने दाखवलेली सर्वांत जवळची वाट भारतीय वैमानिकाच्या कामाची राहिलेली नाही.

दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ सांगणारी आकडेमोड आता कोणालाही फोनवर सापडते. ती करण्याची पद्धत सोपी आहे: किलोमीटर घ्यायचे, ताशी ९०० च्या आसपासच्या वेगाने भागायचं आणि वर अर्धा तास धरायचा. या हिशेबाने मुंबईहून लंडन साडेआठ तासांवर आहे. वेळापत्रकात मात्र साडेनऊ-दहा तास लिहिलेले असतात. काही फरक निसर्गाचा आहे. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे लंडनला जाताना समोरून येतात आणि परतताना पाठीशी असतात, म्हणून येण्याला जाण्यापेक्षा कमी वेळ लागतो. काही फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. वेळापत्रकातला वेळ चाकांखालचे अडसर काढल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर पुन्हा लावेपर्यंत धरतात, त्यामुळे धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणं आणि हीथ्रोवर उतरण्याआधी हवेत घातलेल्या घिरट्याही त्यात येतात. हे दोन्ही फरक समजण्यासारखे आहेत, त्यांबद्दल तक्रार नाही. तिसरा फरक वळशाचा आहे, आणि तो वारा किंवा इंजिन ठरवत नाही. तो सरकारं ठरवतात. वायुवेगाच्या तंत्राने गेल्या शतकात जे अंतर आटवलं, ते राजकारण पुन्हा वाढवू लागलं आहे. ते वाढवण्याची एक विशिष्ट पद्धत, म्हणजे विमानावरचा झेंडा पाहून वाट नाकारणं, थांबली पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह धरण्यात भारताचाच सर्वाधिक फायदा आहे, असं माझं म्हणणं आहे.

मुंबईपेक्षा दिल्लीला याची झळ जास्त बसते. मुंबईचं विमान उडताच अरबी समुद्रावर येतं. ओमान आणि आखातावरून त्याला थोड्या वळशाने का होईना वाट मिळते. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी गुजरातपर्यंत दक्षिणेला येऊन मग पश्चिमेला वळावं लागतं. त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण ताश्कंदचं आहे. दिल्लीहून ताश्कंद सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे, म्हणजे दिल्लीहून चेन्नईपेक्षाही जवळ. एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोने दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवली. कंपनीने दिलेलं कारण असं, की नव्या वळशाच्या मार्गाने ही शहरं तिच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली आहेत. चेन्नईपेक्षा जवळ असलेलं शहर एका अधिसूचनेने पल्ल्याबाहेर गेलं. अल्माटी आणि बिश्केकच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्यांत महाराष्ट्रातली मुलंही आहेत. त्यांच्या घरच्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही: थेट उड्डाण गेलं, म्हणजे आखातातून किंवा इस्तंबूलमधून जाणारं दुहेरी तिकीट, मधे कुठेतरी काढलेली रात्र आणि वाढलेला खर्च.

वळसा म्हणजे फक्त अधिक वेळ नव्हे, हे समजण्यासाठी विमानाच्या पोटात डोकवावं लागतं. मोठं ड्रीमलायनर विमान तासाला पाच टनांच्या आसपास इंधन जाळतं. तासाभराचा वळसा पडला की तेवढं इंधन जास्त भरायचं. पण विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन ठरलेलं असतं. ती मर्यादा गाठली गेली की इंधनाच्या प्रत्येक टनासाठी दुसरं काहीतरी खाली ठेवावं लागतं. आधी माल उतरतो, मग रिकाम्या जागा ठेवून प्रवासी कमी केले जातात. शिवाय लांबच्या प्रवासात जादा इंधनाचा मोठा हिस्सा ते इंधन वाहून नेण्यातच जळतो, म्हणून वळशाचा खर्च त्याच्या लांबीपेक्षा वेगाने वाढतो. दोन वैमानिकांत भागणाऱ्या उड्डाणाला तिसरा लागतो. विमान दोन तास उशिरा परतलं की त्याचं पुढचं उड्डाण चुकतं आणि महिन्याच्या शेवटी त्याच विमानाच्या फेऱ्या कमी भरतात. जाळलेल्या प्रत्येक टन इंधनामागे तीन टनांहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; एका तासाचे पंधरा टन, एका विमानाचे, एका फेरीचे. एवढा धूर ज्या प्रवासातून निघतो त्यातून कोणीही कुठेही अधिक जवळ पोहोचत नाही. एअर इंडियाने ही बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा बोजा पडेल, असा अंदाज सरकारला कळवला होता. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या तिच्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी उतरावं लागलं, आणि सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवाच थांबली. त्यामागे विमानांची टंचाई होती, तशी ही बंदीही होती.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलेलं नाही. हेलसिंकीहून टोकियो सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, मुंबई-लंडनपेक्षा थोडं जास्त. १९८३ मध्ये फिनएअरने या दोन शहरांमध्ये न थांबता जाणारी सेवा सुरू केली, तेव्हा सोव्हिएत आकाश बंद असल्यामुळे विमान उत्तर ध्रुवावरून जाई आणि तेरा तास घेई. पुढे सायबेरियावरची वाट मिळाली आणि तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला. त्या वाचलेल्या साडेतीन तासांवर फिनएअरने आपला सारा आशियाई धंदा उभा केला. हेलसिंकी हे युरोपातून आशियाला जाण्याचं दार बनलं. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय विमानांना आकाश बंद केलं आणि विमान पुन्हा तेरा तासांवर गेलं. चाळीस वर्षांत विमानं किती सुधारली, इंजिनं किती काटकसरी झाली, आणि प्रवाशाच्या घड्याळात मात्र १९८३ साल उजाडलं. उलट दिशेचं उदाहरणही आहे आणि ते मराठी माणसाला अधिक जवळचं आहे. मुंबई ते तेल अवीव सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या आसपास. पण सौदी अरेबियाचं आकाश इस्रायलला जाणाऱ्या विमानांना सत्तर वर्षं बंद होतं. कोकणातून इस्रायलमध्ये जाऊन वसलेल्या बेने इस्रायली कुटुंबांना मुंबईला नातेवाइकांकडे यायचं, तर इस्रायली कंपनीचं विमान तांबड्या समुद्रावरून दक्षिणेला उतरून, एडनच्या आखाताला वळसा घालून येई. २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचं दिल्ली-तेल अवीव विमान परवानगी मिळवून सौदी आकाशातून गेलं. जुलै २०२२ मध्ये सौदीने सर्वच कंपन्यांना वाट खुली केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ओमाननेही. सौदी आणि इस्रायल यांच्यात तेव्हाही राजनैतिक संबंध नव्हते. वाट देण्यासाठी मैत्री लागत नाही, हे यातून दिसतं.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर ही वाट मुळात दिलेलीच होती. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागोत जो करार झाला, त्याचं पहिलंच कलम सांगतं की आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाची पूर्ण सत्ता आहे. मात्र त्याच परिषदेत दुसरा, छोटा करार झाला: नियमित हवाई सेवांना एकमेकांच्या देशावरून न उतरता पुढे जाण्याचा हक्क देणारा. रशिया त्यात कधीच आला नाही. भारत आणि पाकिस्तान दोघेही त्यात आहेत. शिकागो कराराचं नववं कलम देशाला आणीबाणीच्या प्रसंगी तात्पुरतं आकाश बंद करायला मोकळीक देतं, पण एक अट घालून: ती बंदी सर्व देशांच्या विमानांना सारखी लागू हवी, राष्ट्रीयत्व पाहून भेद चालणार नाही. युद्ध किंवा जाहीर राष्ट्रीय आणीबाणी असेल तर आणखी सवलत आहे, त्यासाठी वेगळं कलम आहे. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वीच्या मुत्सद्द्यांनी धोका आणि सूड यांत फरक केला होता. तो विचार त्यांनाही नवा नव्हता. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मुंबईहून लंडनचा सागरी प्रवास जवळपास ४० टक्क्यांनी घटला. १८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल करारात बड्या सत्तांनी मान्य केलं की हा कालवा युद्धात आणि शांततेत प्रत्येक जहाजाला, त्याचा झेंडा न पाहता, खुला राहील. तो शब्द पुढे अनेकदा मोडला गेला. इजिप्तने इस्रायली जहाजं अडवली, आणि १९६७ ते १९७५ ही आठ वर्षं तर कालवाच बंद पडला. तरीही जे मोडलं ते नियमाविरुद्ध आहे, असं म्हणण्याची सोय जगाला होती, आणि शेवटी कालवा उघडला तो त्याच नियमाकडे परतून.

भारत-पाकिस्तानच्या आकाशाचा इतिहास या दृष्टीने तपासला पाहिजे. १९६५ च्या युद्धात ही वाट बंद झाली आणि ताश्कंद करारानंतर १९६६ मध्ये उघडली. ३० जानेवारी १९७१ रोजी ‘गंगा’ नावाचं इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेण्यात आलं आणि दोन दिवसांनी तिथे जाळण्यात आलं. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपलं आकाश बंद केलं. कराचीहून ढाक्याचा सुमारे २,४०० किलोमीटरचा प्रवास श्रीलंकेला वळसा घालून जवळपास दुप्पट झाला. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे, म्हणजे आयकाओकडे, गेला. हा वाद ऐकण्याचा संघटनेच्या परिषदेला अधिकारच नाही, असं भारताचं म्हणणं होतं. ते हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, आणि १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने ते फेटाळलं. वाट उघडली ती १९७६ मध्ये, दोन्ही देशांनी आपसांत मिटवल्यावर. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून पुन्हा दोन वर्षं बंदी. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २०१९ मध्ये जवळपास साडेचार महिने. त्या वेळचं नुकसान सरकारने राज्यसभेत सांगितलं होतं: २ जुलै २०१९ पर्यंत एकट्या एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपये, खासगी कंपन्यांचं आणखी पन्नास कोटींहून अधिक. इंडिगोचं दिल्ली-इस्तंबूल विमान तेव्हा दोह्याला इंधनासाठी थांबत असे. आणि मग, पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५.

या मालिकेत एक गोष्ट ठळक दिसते. १९७१ मध्ये या हत्याराची धार भारताच्या बाजूने होती, कारण पाकिस्तानचे दोन तुकडे भारताच्या दोन बाजूंना होते. बांगलादेश झाला आणि ती धार उलटली. आज भारताच्या आकाशातून ये-जा करण्याची गरज पाकिस्तानी कंपन्यांना फार थोडी आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या मोजक्या सेवा सोडल्या तर त्यांची सगळी वाहतूक आखाताकडे आणि पश्चिमेकडे. भारताची गोष्ट नेमकी उलटी. युरोप, उत्तर अमेरिका, मध्य आशिया, कॉकेशस, उत्तर भारतातून तिकडे जायचं म्हटलं की वाटेत पाकिस्तान येतोच. म्हणून ३० एप्रिल २०२५ रोजी भारताने घातलेली प्रतिबंदी जशास तसं उत्तर म्हणून समजण्यासारखी असली, तरी वजनात बरोबरीची नव्हती. भारतीय कंपन्या लांब पल्ल्याच्या प्रवासात आता कुठे पाय रोवत आहेत. जुलै २०२५ मध्ये इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅमला थेट सेवा सुरू केली. ऑक्टोबरमध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरमध्ये तिथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. दुबई, दोहा, इस्तंबूलमधून जाणारा भारतीय प्रवासी परत आपल्या विमानतळांवर आणायचा, ही देशाची घोषित आकांक्षा आहे. झेंडा पाहून बंद होणारं आकाश त्या आकांक्षेच्या आड येतं. कारण तीच दोन शहरं जोडणाऱ्या परदेशी कंपनीला ती बंदी लागू नसते, आणि प्रवासी शेवटी कमी तासांचं, कमी पैशांचं तिकीट काढतो.

पहलगाममध्ये २६ निरपराध माणसं मारली गेल्यानंतर, त्या हल्ल्याच्या मागे ज्यांचा हात आहे त्यांच्याशी वाटेच्या वाटाघाटी कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पण इथे काय मागितलं जात आहे, ते नीट पाहायला हवं. व्यापार सुरू करा, व्हिसा द्या, क्रिकेट खेळा असं कोणी म्हणत नाही. सीमेवर आणि मुत्सद्देगिरीत जी कठोरता देशाला योग्य वाटते ती ठेवावी. प्रश्न एवढाच, की दहा हजार मीटरवरून न थांबता पुढे जाणाऱ्या प्रवाशाला वळसा घालायला लावून दहशतवादाला आळा बसतो का. पाच वेळा ही वाट बंद झाली. त्यातली एकही बंदी दुसऱ्या देशाचं धोरण बदलू शकलेली नाही. उलट ज्याने बंदी घातली त्याचाही खिसा फाटला. पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने तिथल्या राष्ट्रीय सभेला सांगितल्याप्रमाणे, २४ एप्रिल ते ३० जून २०२५ या दोन महिन्यांत हद्द ओलांडण्याच्या शुल्कापोटी मिळणारे ४१० कोटी पाकिस्तानी रुपये बुडाले. कर्जाच्या हप्त्यांसाठी दारोदार फिरणारा देश एवढी रक्कम सोडून देतो आणि महिन्या-महिन्याने मुदत वाढवत राहतो, यावरून त्याच्या हट्टाची कल्पना येते. शहाणपणाची येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशिया एअरलाइन्सचं विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ जण गेले. त्या दिवशी युक्रेनने ३२ हजार फुटांपर्यंतचं आकाश बंद केलं होतं. विमान ३३ हजार फुटांवर होतं. एअर इंडियाचं दिल्ली-बर्मिंगहॅम विमानही तेव्हा जवळच्याच आकाशात होतं. डच तपास मंडळाने नंतर नोंदवलं की संपूर्ण आकाश बंद करायला युक्रेनकडे पुरेसं कारण होतं. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून निघालेलं युक्रेनी विमान इराणच्याच क्षेपणास्त्राने पडलं, १७६ बळी. डिसेंबर २०२४ मध्ये अझरबैजानचं विमान असंच सापडलं. हे सगळं पाहिल्यावर आकाश बंद करण्याचा अधिकारच नको, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. उलट, तो वेळेवर वापरला गेला नाही म्हणून माणसं मेली. पण याच कसोटीने झेंडा पाहून घातलेली बंदी उघडी पडते. आकाशात क्षेपणास्त्राचा धोका असेल तर तो सगळ्यांनाच आहे; तो विमानाचं नोंदणीपत्र तपासत नाही. पाकिस्तानची बंदी भारतीय कंपन्यांच्या आणि भारतात नोंदलेल्या विमानांपुरती होती. ब्रिटिश, जर्मन, आखाती कंपन्यांना ती नव्हती. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत काही परदेशी कंपन्यांनी स्वतःहून तो मार्ग टाळला, तो त्यांचा निर्णय होता. म्हणजे आकाश सुरक्षित आहे, हे पाकिस्तान स्वतःच मान्य करत होता. दोन प्रकारच्या बंद्या एकाच नावाखाली चालू राहिल्या, तर नुकसान खऱ्या इशाऱ्याचं होतं. उद्या एखाद्या देशाने खऱ्या धोक्यापायी आकाश बंद केलं, तरी त्यात राजकारण शोधलं जाईल.

विमानांचा पल्ला वाढतो आहे, तंत्रज्ञानच हा प्रश्न सोडवेल, असंही म्हटलं जातं. मला ते पटत नाही. मार्च २०१८ पासून क्वांटासचं विमान पर्थहून लंडनला सुमारे १४,५०० किलोमीटर न थांबता जातं. सतरा तासांचा हा प्रवास जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी आहे. २०२४ मध्ये इराणचं आकाश टाळायची वेळ आली तेव्हा याच विमानाला सिंगापूरला इंधनासाठी उतरावं लागलं. तेही फक्त लंडनला जाताना, कारण परतताना वारा पाठीशी होता. पल्ला जितका ताणलेला, तितका वळसा सोसण्याची ताकद कमी. आणि विमानप्रवास हा मूठभरांचा विषय आहे, एखादा तास गेला तर काय बिघडलं, हा युक्तिवाद वीस वर्षांपूर्वी कदाचित चालला असता. आज पंजाबातला ट्रकचालक, केरळची परिचारिका, लातूर-नांदेडचा वैद्यकीय विद्यार्थी त्याच विमानात असतो, आणि वाढीव भाड्याचा चटका त्यालाच जास्त बसतो.

मग करायचं काय? आयकाओच्या परिषदेवर भारत आहे आणि सुरुवातीपासून तिथे त्याच्या शब्दाला वजन आहे. तिथे भारताने असा प्रस्ताव आणावा, की कोणत्याही देशाने आकाश बंद करताना कारण आणि मुदत जाहीर करावी. बंदी एकाच देशाच्या विमानांपुरती असेल तर ठरावीक दिवसांनंतर ती आपोआप परिषदेपुढे सुनावणीला यावी, आणि मुदत वाढवायची तर दर वेळी नव्याने कारण द्यावं. हा प्रस्ताव मांडताना १९७१ ची आठवण करून दिली जाईल. द्यावी. तेव्हा परिषदेला अधिकार नाही असं म्हणणारा देश आज परिषदेचा अधिकार वाढवायला निघाला, तर त्याचं म्हणणं जास्तच विश्वासार्ह ठरेल, कारण तो दोन्ही बाजूंना उभा राहिलेला आहे. आपली प्रतिबंदीही त्याच नियमाखाली यावी, हे आधीच मान्य करावं. देशांतर्गत एक छोटी गोष्ट लगेच करता येईल: तिकीट विकताना आजच्या मार्गाने प्रत्यक्ष किती तास लागतात आणि मधे इंधनासाठी थांबा पडण्याची शक्यता आहे का, हे कंपन्यांनी स्पष्ट सांगावं. जुन्या वेळापत्रकाच्या भरवशावर पुढचं विमान गाठू पाहणारा प्रवासी अडकतो, तो त्याची चूक नसताना.

एक काम मात्र आयकाओपर्यंत न जाताही होण्यासारखं आहे, आणि त्याला उशीर परवडणारा नाही. २१ मे २०२५ च्या संध्याकाळी इंडिगोचं दिल्ली-श्रीनगर विमान पठाणकोटजवळ गारांच्या वादळात सापडलं. आत दोनशे वीसहून अधिक प्रवासी होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नंतर दिलेल्या माहितीनुसार, वैमानिकांनी आधी भारतीय हवाई दलाच्या उत्तर नियंत्रण कक्षाकडे सीमेच्या बाजूला वळण्याची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मग लाहोरकडे त्यांच्या हद्दीत शिरण्याची विनंती केली, तीही नाकारली गेली. वैमानिकांनी वादळातूनच विमान काढलं. नाकाचा भाग फुटलेल्या अवस्थेत ते श्रीनगरला सुखरूप उतरलं, हे त्यांचं कौशल्य. शिकागो कराराचं पंचविसावं कलम आपल्या हद्दीत संकटात सापडलेल्या विमानाला शक्य ती मदत करण्याचं बंधन प्रत्येक देशावर घालतं. त्याला बंदीचा अपवाद नाही आणि शत्रुत्वाचाही नसावा. वादळ, इंजिनातला बिघाड, विमानात कोणाला हृदयविकाराचा झटका, अशा वेळी कोणत्या कक्षाने कोणत्या कक्षाला कळवायचं, कोणत्या उंचीवर आणि सीमेच्या किती किलोमीटर आत वाट द्यायची, परत बाहेर कुठून काढायचं, हे दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना एका पानावर लिहून ठेवता येतं. उत्तर भारतात वळवाच्या गारपिटीचा मोसम एप्रिल-मेमध्ये येतो. ते पान त्याआधी लिहिलं जावं.